गुलबक्षीची पांढरी रोपे

मावला, आदिलाबाद
दि. १० सप्टेंबर २०२५

चि. सौ. अश्लेषा हिला व्यंकटेश महागावकर याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आमच्याकडे सर्वांची प्रकृती चांगली आहे. तुमच्याकडेही तसेच असेल असे धरून चालतो. कारण फोनवर विचारले तर 'बरं आहे' याखेरीज तुम्ही काही सांगत नाही आणि मीही त्यापुढे विचारत नाही. गणपती यथासांग झाले. रमाबाईंचे गुडघे पावसाळी हवेने धरले होते, ते आता सुटले. आमच्या आदित्यची श्राद्धतिथी गुरुजींना बोलावून केली. अर्पिता त्या दिवशी शाळेला गेली नाही. दिवसभर आजीच्या मागे मागे होती.

जीवनरावांशी लग्न होऊन तुमचा नवा संसार नेरडीगोंड्यास सुरू झाला, तेव्हा अर्पिता आमच्या घरी राहील असे ठरले होते. ते ठरल्याप्रमाणे व्यवस्थित चालले आहे, हे आपले कळवून ठेवतो.

पत्राचे कारण मात्र निराळे आहे. जिल्हा विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेने आठवीतून अर्पिताची निवड केली असून तिने विषय घेतला आहे 'हरितलवक'. तिचे विज्ञानाचे सर तेलुगू भाषिक आहेत. शाळा मराठी माध्यमाची खरी, परंतु सर समजावतात तेलुगूत आणि मुले ते मराठीत उतरवून घेतात. तेलुगूत या वस्तूला 'हरितरेणुवु' म्हणतात. झाले! सगळा वर्ग 'हरितरेणू' लिहून मोकळा. तिकडे रेणू म्हणजे कण. आपल्याकडे रेणू म्हणजे अणूंचा समूह. एका हरितलवकात असे किती रेणू मावतील याची गणना करता येणार नाही. मी तक्त्यावरचे ते अक्षर अन् अक्षर खोडायला लावले.

"आजोबा, सरांनी तर बरोबर दिलं हाये," अर्पिता म्हणाली.

"सरांनी तेलुगूत बरोबर दिले आहे. तू मराठीत चूक उतरवून घेतलेस."

"मंग सरांची चूक नाही, माही बी नाही. कोणाची हाये?"

मी आधी 'माझीही नाही' असे तिच्याकडून म्हणवून घेतले.

मी जन्मभर मराठी शिकवली. पानाच्या आत काय असते, याकडे कधी लक्ष दिले नाही. आता तक्त्यातली वाक्ये तपासायची, तर विषय समजायला हवा, म्हणून वाचू लागलो. पानाच्या एकेका पेशीत मसुरीच्या डाळीसारख्या घडणीचे, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारे असे कितीतरी हरितलवक असतात. प्रत्येकाला दोन पातळ पटलांचे आवरण असते. आत जो दाटसर द्रव भरलेला असतो, त्याला पीठिका म्हणतात. त्या पीठिकेत चपट्या पिशव्या एकावर एक रचलेल्या असतात. रमाबाई टोपल्यात भाकऱ्यांची चवड रचतात, अगदी तशा. हरितद्रव्य असते ते या भाकऱ्यांमध्ये. ऊन तिथे अडवले जाते. त्या उन्हाच्या बळावर पाणी फोडले जाते. त्यातला प्राणवायू बाहेर पडतो आणि तो आपण श्वासात घेतो. मग भोवतीच्या पीठिकेत हवेतल्या कर्बवायूपासून साखर तयार होते. जगातले बहुतेक सगळे अन्न या एवढ्याशा डाळीत शिजते, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाणवनस्पतीचे पान दाखवले, त्या दिवशी अर्पिता दप्तरही न उतरवता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आजोबा, ते फिरून राह्यले होते! पेशीच्या कडेकडेनं, एकामागं एक. मले वाटलं, चित्रासारखे गपचूप बसले राहतीन."

आता मुद्द्याचे. आमच्या मागच्या अंगणात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली गुलबक्षी आहे. ती तुम्हीच माहेराहून, जैनथहून आणून लावली होती. तिच्या पानांवर पांढरे पट्टे आहेत, हे तुम्हांला आठवत असेल. यंदा तिची एक फांदी संपूर्ण पांढरी झाली आहे आणि दुसरी एक संपूर्ण हिरवी. अर्पिताच्या मनात असे आहे, की पांढऱ्या फांदीवरच्या फुलांना निव्वळ हिरव्या झाडाचे पराग द्यावेत आणि त्या बियांतून कोणत्या रंगाची रोपे येतात ते पाहावे. सरांनी हे मान्य केले. माझे अनुमान मी लगेच सांगितले आणि तिने ते तक्त्यावर लिहूनही टाकले: हिरव्या, सशक्त झाडाचे पराग मिळाले म्हणजे रोपे हिरवीच येतील. बीज पित्याचे असते आणि माता ही भूमी असते, असेच आपण मानत आलो आहोत. आडनाव आणि गोत्र त्याच न्यायाने चालते.

तरी जीवनरावांच्या रोपवाटिकेच्या कुंपणाशी जी हिरवी गुलबक्षी आहे, तिचे एखादे फुलावर आलेले झाड कुंडीत लावून, टोमॅटोची रोपे घेऊन गाडी इकडे येईल तेव्हा पाठवावे. जीवनरावांना तसदी पडेल. त्याबद्दल त्यांना माझे विशेष आभार सांगावेत.

हे लिहीत असता अर्पिता खुर्चीला टेकून उभी होती. "आईला सांगा," असे म्हणाली. काय सांगू, असे विचारले, तर म्हणाली, "काही नाही." म्हणून तो मजकूर या पत्रात नाही.

आपला शुभेच्छू,
व्यंकटेश महागावकर

&nbsp;

मावला
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अश्लेषा हिला अनेक आशीर्वाद.

थंडीने यंदा लवकरच बस्तान मांडले आहे. सकाळी अंगणात उभे राहिले, की बोलण्याबरोबर वाफ निघते. धाकट्याला स्वेटर घालत असालच. रमाबाईंनी त्याच्यासाठी विणायला घेतलेले टोपडे अजून अपुरे आहे, कारण मध्येच लोकर संपली आणि तोच रंग आदिलाबादच्या दुकानात मिळेना.

कुंडी सुखरूप पोहोचली, हे फोनवर सांगितलेच होते. जीवनराव स्वतः घेऊन आले. बसा म्हटले, तर चहा उभ्यानेच घेतला. मोजके बोलतात, मला ते आवडले. जाताना अर्पिताला म्हणाले, "काही लागलं तर सांगजो, बेटा," आणि ती "हो, काका" म्हणाली.

प्रयोगाची हकिकत सविस्तर देतो. गुलबक्षीची फुले दिवेलागणीच्या सुमारास उमलतात. म्हणून दुपारीच कळी सुईने हलकेच उघडायची, आतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे आणि कळीवर कागदाची पिशवी चढवायची, म्हणजे तिचे स्वतःचे पराग किंवा फुलपाखराने आणलेले पराग तिला मिळत नाहीत. संध्याकाळी आपण निवडलेल्या झाडाचे पराग कुक्षीवर टेकवायचे आणि ओळखीसाठी दोरा बांधायचा. पिशवी धरणे आणि दोरा देणे, ही कामे माझ्याकडे होती. एकदा मी निळ्याऐवजी हिरवा दोरा पुढे केला. अर्पिताने तो परत केला आणि म्हणाली, "अशानं सगळं अशुद्ध होईल, आजोबा." हा शब्द तिने कोणाकडून उचलला, हे सांगायला नको.

दसरा झाला तशा बिया तयार झाल्या, काळ्या, मिऱ्यासारख्या. त्या वेगवेगळ्या ट्रेमध्ये पेरल्या. दिवाळीच्या पुढेमागे अंकुर आले.

माझे अनुमान साफ चुकले. पांढऱ्या फांदीच्या बियांतून, हिरव्या झाडाचे पराग देऊनही, सगळी रोपे पांढरी आली. देठासकट पांढरी, उन्हात धरले तर आरपार दिसावे अशी. उलट, हिरव्या फांदीच्या फुलांना आम्ही मुद्दाम पांढऱ्या फांदीचे पराग दिले होते. त्यांची रोपे हिरवीगार आली. पट्टेरी फांदीची रोपे काही अशी, काही तशी. सगळीकडे ज्या फांदीवर बी धरले, तिचाच रंग. पराग कोणाचे होते, याने काही फरक पडला नाही.

मला हे पटेना. पांढऱ्या रोपांना ऊन कमी पडत असेल, असे समजून मी तो ट्रे कठड्यावर नेऊन ठेवला. शेणखत घातले. अर्पिताने दोन दिवस पाहिले आणि मग म्हणाली, "त्यांच्यात हिरवंच नाही तर ते उन्हाले काय करतीन?"

"पण मग इतकी तरी वाढली कशी?"

"बियात साठवलेलं असते ना, ते खाऊन राह्यले. ते संपलं का झालं."

तसेच झाले. एकेक रोप मान टाकत गेले. शेवटचे काल पडले. मी ते उपटले नाही. अजून ट्रेमध्येच आहे.

याचे कारण पुस्तकात सापडले. पेशी पुष्कळ गोष्टी नव्याने घडवते, परंतु हरितलवक तिला शून्यातून घडवता येत नाही. असलेल्या हरितलवकाचे दोन होतात, दोनाचे चार होतात. मुळात एक तरी कोणाकडून मिळावा लागतो. त्याच्याजवळ स्वतःचा असा थोडा वारसाही असतो, पेशीच्या केंद्रकातल्या वारशाहून निराळा. आणि बी तयार होते, तेव्हा हा ऐवज येतो तो अंडपेशीतून. गुलबक्षीचे पराग तो आणत नाहीत. सगळ्याच वनस्पतींत असे घडत नाही. काही थोड्यांत पित्याकडूनही येतो, असे दिले आहे. म्हणून तक्त्यावर मी 'बहुतेक' हा शब्द घालायला लावला. पित्याचे काहीच येत नाही, असेही नव्हे. ही हिरवी रोपे मोठी होऊन फुलली, म्हणजे फुलांच्या रंगात परागांचा वाटा दिसेल. अर्पिताच्या कपाळावर तिचा बाप, आदित्य, आहेच.

"आजोबा, तुमचं अनुमान खोडू काय?" तिने विचारले.

"खोडायचे नाही. त्याखाली लिही, की अनुमान चुकले."

"पण तुमी किती पक्कं सांगितलं होतं! वाक्य तर एकदम झकास होतं."

"वाक्य बरोबर होते."

"हो ना. झाडाले व्याकरण येत नाही, त्याले काय करावं?" असे म्हणून ती आणि तिची आजी इतक्या हसल्या, की शेजारची बयनाबाई काय झाले म्हणून भिंतीवरून डोकावली.

भाऊबीज झाल्यावर तुम्ही येऊन गेलात. वांगी उत्तम होती. त्या दिवशीचे एक लिहायचे राहिले आहे. तुम्ही बाहेरच्या खोलीतच बसलात. रिकामी कपबशी घेऊन आत ठेवायला उठलात आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी थांबून ती अर्पिताच्या हातात दिलीत. रमाबाईंनी ओटी भरली, तुम्ही नमस्कार केलात आणि संध्याकाळच्या बसने गेलात. सगळे रीतीला धरून होते. रमाबाई मात्र त्यानंतर बराच वेळ त्या उंबरठ्यापाशीच बसून होत्या.

तुम्ही गेल्यावर अर्पिताने विचारले, "आजोबा, संक्रांतीले मी आईकडे जाऊ काय?"

मी म्हटले, "अवश्य जा. दोन दिवस राहून ये."

"दोनच दिवस काऊन?"

मी म्हटले, " 'काऊन' नव्हे, 'का'."

"दोनच दिवस का?" तिने दुरुस्त करून विचारले. तेवढ्यात गॅसवाला आला आणि तो विषय तेथेच राहिला.

रमाबाईंचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देतो, दुरुस्त केले, तर ते त्यांचे राहणार नाही: "पोरीनं विचारलं काय आन् तुमी तपासून राह्यले काय! पेपर हाये काय तो?"

आता काही गोष्टी केवळ माहितीसाठी विचारतो. तुमच्याकडे मुलीला अभ्यासाला बसता येईल अशी शांत जागा आहे काय? नेरडीगोंड्याहून सकाळी आदिलाबादला येणारी बस वेळेवर असते काय? तेथील शाळेचे माध्यम कोणते? माझ्या माहितीप्रमाणे मराठी नाही. अर्पिताचे मराठी आता कोठे आकाराला येऊ लागले आहे. या वयात माध्यम बदलले, तर लेखनाची घडी विसकटते. मी असे विद्यार्थी पाहिले आहेत. घरी जीवनरावांच्या मातोश्री असतात, त्यांचा स्वभाव कसा आहे? या प्रश्नांवरून कोणताही अर्थ काढू नये. माणसाला आपल्या नातलगांची माहिती असावी, एवढाच हेतू.

उत्तर सवडीने द्यावे. घाई मुळीच नाही.

आपला,
व्यंकटेश महागावकर

&nbsp;

मावला
दि. ७ जानेवारी २०२६

चि. सौ. अश्लेषा,

तुझे उत्तर वेळेवर मिळाले होते. पोच द्यायला मी उशीर केला. हे पत्र चार वेळा लिहायला घेतले आणि चारही वेळा हवापाण्यावर संपवून फाडून टाकले. आज हवापाण्याचे काही लिहीत नाही.

माझ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तू क्रमाने दिलेस. शाळेचे माध्यम इंग्रजी असून दुसरी भाषा तेलुगू. बस बहुतेक वेळेवर असते. सासूबाई बोलायला तिखट आहेत, पण लेकरांना जीव लावतात. आणि जागेविषयी तू लिहिलेस, की 'जीवनरावांनी बियाण्याची खोली रिकामी करून घेतली आहे, खिडकी मोठी केली आहे, सहजच.' खिडकी कोणी सहज मोठी करत नाही. मी अर्थ काढू नये म्हणून सांगितले, तू सहज म्हणून सांगितलेस; आपण दोघेही एकाच गोष्टीभोवती फिरत राहिलो.

प्रदर्शन तू पाहिलेसच. तरीही मी जे पाहिले, ते मला लिहिलेच पाहिजे.

अर्पिता तक्त्यापुढे उभी होती. परीक्षक बाई महाविद्यालयातल्या होत्या आणि त्यांना मराठी येत नव्हते. अर्पिताने हिंदीत सांगितले, जिथे अडली तिथे तेलुगूत सांगितले, आणि दोन्हींत अडली तेव्हा हातांनी भाकऱ्यांची चवड करून दाखवली. बाई हसल्या. मी मागे उभा राहून तिच्या लिंगवचनाच्या चुका मोजत नव्हतो, हे खरे सांगतो. मोजायला सुरुवात केली होती, पण मध्येच विसरलो.

बाईंनी विचारले, "ये पौधा कहाँ से मिला?"

"मेरी मम्मी ने लगाया. वो वहाँ खड़ी है," असे म्हणून अर्पिताने बोट दाखवले. तू आणि जीवनराव पालकांच्या रांगेत बसला नव्हतात; खांबामागे उभे होतात. सगळ्यांनी माना वळवल्या.

नंतर सरांनी फोटोसाठी घरच्यांना बोलावले. "अम्मा, इटु रा अम्मा," असे ते तुला हात करून म्हणाले. तू पुढे आलीस, रमाबाईंना हाताला धरून अर्पिताच्या एका बाजूला उभे केलेस, मला दुसऱ्या बाजूला उभे केलेस आणि स्वतः चौकटीबाहेर सरलीस.

मी म्हटले, "अगं, तू कुठे जातेस?"

तू म्हणालीस, "तुमीच राहा, मामाजी. ठरलं हाये तसंच बरं."

अगदी हळू म्हणालीस. आवाजात राग नव्हता. राग असता, तर मला उत्तर देता आले असते. तो फोटो सरांनी मला मोबाइलवर पाठवला. त्यात रमाबाई समोर पाहत आहेत, मी समोर पाहत आहे आणि अर्पिताचे तोंड पूर्ण बाजूला वळलेले आहे. सर म्हणाले, हा बिघडला, दुसरा काढू. दुसऱ्यात ती नीट समोर पाहते आहे. मी पहिलाच ठेवला आहे.

जैनथला तुझ्या वडिलांच्या ओसरीवर जे ठरले, ते आपल्याकडे अशा वेळी जसे ठरते तसेच ठरले होते. मूल ज्या घराच्या नावाचे, त्या घरी राहील. आईने सणावारी भेटून जावे. यशवंतरावांनी सर्वांसमक्ष तुझ्या वतीने शब्द दिला, आणि तो मला दिला. त्या वेळी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. तुझा संसार पुन्हा उभा राहावा, असे मलाही मनापासून वाटत होते. आणि आमचा मुलगा गेला होता, घरात ते लेकरू होते म्हणून सकाळी दार उघडायला काही कारण होते. तुझ्या वडिलांनी दिलेला शब्द तू पाळलास. असा पाळलास, की या घराच्या स्वयंपाकघरात, जिथे तू इतकी वर्षे रांधलेस, तिथे पाऊलही ठेवले नाहीस. तू एकदाही मागितले नाहीस. फोनवरसुद्धा 'कशी आहे' एवढेच विचारलेस. 'पाठवता काय' असे कधी विचारले नाहीस.

शब्द ज्याला दिलेला असतो, त्यालाच तो सोडता येतो. तुला सोडता येत नव्हता आणि यशवंतराव आज हयात असते, तर त्यांनाही येत नसता. हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी बसच्या वेळा विचारत बसलो.

मराठी बिघडेल, असे मी गेल्या पत्रात लिहिले होते. ते खोटे नव्हते. पण तेच कारण होते, असेही नव्हते. बिघडेल. कदाचित पुष्कळ बिघडेल. सुट्टीत माझ्याकडे आली, तर पाहू.

मुलगी म्हणजे गुलबक्षी नव्हे आणि पानाचा नियम माणसाच्या घराला लावणे अशास्त्रीय आहे, हे मला कळते. सरांना विचारले असते, तर त्यांनीही तेच सांगितले असते. म्हणून मी झाडावरून काही ठरवले नाही. मी तिलाच विचारले. इतके साधे काम करायला मला एवढा काळ लागला.

काल दुपारी आम्ही तिघे तीळ निवडत बसलो होतो. मी म्हटले, "अर्पिता, तुला आईकडे राहायला जायचे आहे काय? दोन दिवसांसाठी नव्हे, राहायला."

ती तिळांतले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "तुमाले वाईट वाटन."

"मी ते विचारले नाही."

"मंग हो."

एवढेच. तिचे वाक्य मी तसेच राहू दिले. थोड्या वेळाने म्हणाली, "पण आजी?" तेव्हा रमाबाई म्हणाल्या, "आजीले काय झालं? आजीचे गुडघे बसमधी चढतेत अजून. आन् तू काय लंडनले चालली काय?" मग दोघी एकमेकींना धरून रडल्या, हसल्या, आणि निवडलेले तीळ सगळे सांडले. मी ते पुन्हा भरले.

मी रमाबाईंना म्हटले, की निदान वार्षिक परीक्षा होऊ द्यावी. त्या म्हणाल्या, "आता परीक्षा, मंग दहावी, मंग तिचं लगन लावूनच धाडजा तिले." तेव्हा तोही मुद्दा मिटला. एप्रिलपर्यंत ती नेरडीगोंड्याहून बसने याच शाळेत येईल. जूनपासून तिकडच्या शाळेत जाईल. मुख्याध्यापकांना मी भेटून आलो.

तर अश्लेषा, यशवंतरावांनी मला दिलेला शब्द मी तुला परत करत आहे. आजपासून तो कोणावरही नाही. तू तो मोडलास, असे उद्या कोणी म्हणाले, तर हे पत्र दाखव.

शनिवारी सकाळच्या बसने मी तिला घेऊन येतो. रमाबाई येणार नाहीत. त्यांना घरातूनच निरोप द्यायचा आहे. अर्पिताला पहाटे उठवले, तर ती तासभर कोणाशी बोलत नाही. ते रुसणे नव्हे. वरण घट्ट लागते. ताप आला, तर लपवते, डोळ्यांवरून ओळखावे. धाकट्या भावाला खेळवायचे म्हणून तिने आपल्या जुन्या बाहुल्या धुऊन ठेवल्या आहेत. त्याला त्या आवडणार नाहीत, हे मी तिला सांगितलेले नाही.

मला पाहुणा समजून काही करू नये. जेवणाचा आग्रह नको. चहा घेईन आणि परतीची बस धरीन. थांब्यापर्यंत कोणी सोबत यायचेच असेल, तर जीवनरावांनी यावे. तिला पाठवू नकोस. तिने त्या वेळी घरातच असावे, तुझ्याजवळ.

अर्पिताचा आजोबा,
व्यंकटेश